ओळखीचा फार्स आणि न हसणारा नट

विनोदी नाटक अगर बोलपट दुसऱ्यांदा पाहावयास बसणे म्हणजे त्याची एक प्रकारे परीक्षाच घेणे होय. करुण कथेचे तसे नाही. सीतेचा वनवास शंभर वेळा ऐकला तरी शंभराव्या वेळीही डोळे ओलावतात. पुढे काय होणार हे ठाऊक असणे हाच तेथील दुःखाचा एक भाग असतो. विनोदाचा मात्र अर्धा जीव आश्चर्यात असतो, आणि आश्चर्य ही एकदाच खर्चावयाची पुंजी आहे. म्हणूनच ‘तोच तो विनोद’ ही तक्रार जितकी ऐकू येते, तितकी ‘तेच ते दुःख’ ही तक्रार ऐकू येत नाही.

हा विचार मनात येण्यास निमित्त झाले ते असे. सुटीच्या दिवसांत सोलापुरास आमच्या घरी तीन पिढ्यांची माणसे जमली होती आणि दूरचित्रवाणीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला होता. हा बोलपट १९८८ सालचा. तेव्हापासून तो महाराष्ट्रातील घरोघरी किती वेळा पाहिला गेला असेल याची गणती करण्यात अर्थ नाही. आमच्या घरातील दहा वर्षांच्या मुलासही पुढचे वाक्य ठाऊक; पडद्यावरील पात्राच्या आधी ते आमच्या खोलीत उच्चारले जाई, आणि पात्राने ते उच्चारले की पुन्हा हशा होई. तथापि एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्या ज्या वेळी श्री. अशोक सराफ पडद्यावर काही न बोलता नुसते दुसऱ्याचे ऐकत उभे असत, त्या त्या वेळी हे पाठांतर थांबे आणि सगळी खोली पाहू लागे. पाठ करण्याजोगे तेथे काहीच नव्हते, आणि तरी तेथेच पाहण्याजोगे सर्वांत अधिक होते. असे का व्हावे, याचा थोडा शोध घ्यावा असे आम्हांस वाटले.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की कथानक जुने आहे. भाड्याने जागा मिळत नाही, घरमालकीण फक्त जोडप्यांनाच जागा देते, तेव्हा चार मित्रांपैकी दोघांनी लुगडे नेसून उरलेल्या दोघांच्या बायका व्हावयाचे, ही कल्पना मुळात बंगालची. तीवरून हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ साली ‘बीवी और मकान’ हा हिंदी बोलपट काढला होता. पुरुषाने स्त्री होऊन घरात शिरावे हा डाव तर त्याहूनही जुना. ब्रँडन टॉमस या इंग्रज नाटककाराचे १८९२ सालचे प्रहसन आचार्य अत्रे यांनी १९४७ साली ‘मोरूची मावशी’ या नावाने मराठीत आणले, आणि १९८५ च्या सुमारास कै. विजय चव्हाण यांनी ती मावशी अशी काही नाचवली की नव्या पिढीस ते नाटक त्यांचेच वाटू लागले. अर्थात ‘बनवाबनवी’ पडद्यावर आला तेव्हा मराठी प्रेक्षकाला लुगड्यातल्या पुरुषाचे काही अप्रूप उरलेले नव्हते.

दिग्दर्शक सचिन पिळगांवकर यांची रीतही तोवर ओळखीची झाली होती. अवघ्या पाच-सहा वर्षांचे असताना ते राजा परांजपे यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’ (१९६३) या बोलपटात दिसले. पुढे हृषीकेश मुखर्जींच्याच ‘मझली दीदी’त (१९६७) बालनट म्हणून त्यांनी काम केले. सुखवस्तू घरातील निर्मळ विनोद ज्यांनी मराठीत व हिंदीत रूढ केला, त्या दोघांच्या हाताखाली हा मुलगा अक्षर गिरवून मोठा झाला, हे त्याचे भाग्य. आणि शिकवलेले अक्षर वळणदार असले तरी ते दुसऱ्याचे असते, हा त्या भाग्याचा धोका. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४), ‘गंमत जंमत’ (१९८७) या त्यांच्या बोलपटांची घडण आठवून पाहावी. एक अडचण, तीतून सुटण्यासाठी एक खोटे, ते झाकण्यासाठी दुसरे. मध्ये प्रेमाची दोन-तीन जोडपी, प्रत्येक जोडप्यास एकेक गाणे. आणि अखेरीस सगळ्यांचा उलगडा व सगळ्यांना क्षमा. हा सांगाडा वाईट नाही. प्लाउटसपासून देवलांच्या ‘संशयकल्लोळा’पर्यंत थोड्याफार फरकाने तो चालत आला आहे. परंतु सांगाडा चालतो तो अंगावर मांस असेल तर. ‘बनवाबनवी’त ते मांस कोणी दिले, हा प्रश्न आहे.

याचे सर्वमान्य उत्तर ‘सगळ्यांनी मिळून’ हे आहे, आणि ते खोटे नाही. कै. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती, सचिन यांची सुधा, कै. सुधीर जोशी यांचे विश्वास सरपोतदार ही पात्रे कोणास विसरता येणार? पण आमचे मत थोडे वेगळे आहे. हे सगळे नट आपापल्या परीने जुन्या परंपरेतलेच काम, फार चांगल्या रीतीने, करीत होते. नवीन गोष्ट एकच होती, आणि ती अशी की ह्या सगळ्या धांदलीच्या मध्यभागी जो नायक उभा होता, तो फार्समध्ये आहोत हे जणू जाणतच नव्हता.

वाचकांनी क्षणभर अशोक सराफ यांचा त्यापूर्वीचा प्रवास आठवावा. रंगभूमीवर ते प्रथम आले ते गोपीनाथ सावकार या आपल्या मामांच्या छायेत, आणि ‘ययाति आणि देवयानी’तील विदूषकाने त्यांना नाव दिले. पुढे दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ (१९७५) मध्ये ते दुसरे हवालदार झाले. जो बोलपट सर्वस्वी दादांचा, ज्याचे दिग्दर्शकही दादाच, त्यात दादांसमोर उभे राहून स्वतंत्रपणे हशा मिळवणे हे सोपे काम नव्हे. दहा वर्षांनी महेश कोठारे यांच्या ‘धूमधडाका’त (१९८५) त्यांनी श्रीमंत बापाचे जे सोंग घेतले, ते तर नुसत्या घशातल्या आवाजावर उभे होते, पाइप ओढता ओढता लागलेल्या ठसक्याची त्यांनी एक लकब केली आणि ती लकब गल्लीबोळांतून फिरली. म्हणजे सोंग कसे वठवावे, आवाज कसा बदलावा, अंग कसे टाकावे, हे सगळे ह्या नटाला येत होते. अशा नटाला तीन वर्षांनी सोंगांवरच आधारलेल्या बोलपटात नायक केले आणि त्याच्याकडून एकही सोंग घ्यावयाचे नाही असे ठरवले! दोन मित्रांनी लुगडी नेसावी, आणि विदूषकीचा सर्वांत अनुभवी जो, त्याने सदरा-पाटलोण घालून साध्या आवाजात बोलावे! हा निर्णय दिग्दर्शकाचा असेल तर त्याचे, आणि नटाचा असेल तर नटाचे, आम्ही अभिनंदन करतो. बहुधा तो दोघांचाही असावा.

ह्या निर्णयाने काय साधले ते एका प्रसंगावरून पाहू. घरमालक सरपोतदार चिक्कू आहेत. आपल्या मधुमेहावरील औषधासाठी त्यांनी सत्तर रुपये दिलेले आहेत. ते औषध आणणारा मित्र वारला, असे धनंजय त्यांना सांगतो. प्रसंगातील हशाचे वाक्य घरमालकाचे आहे. त्यांना मेलेल्या माणसाचे नव्हे, मेलेल्या सत्तर रुपयांचे दुःख होते. सुधीर जोशी ते वाक्य फार सुंदर टाकतात. पण ते वाक्य पडण्यापूर्वी अशोक सराफ काय करतात ते पाहावे. जो मित्र कधी अस्तित्वातच नव्हता, त्याचा ते खराखुरा शोक करतात. प्रेक्षकाकडे पाहून डोळा घालीत नाहीत, ओठांची कड मुरडून ‘पाहा, मी कसा फसवतो आहे’ असे सुचवीत नाहीत. त्यांचा चेहरा सुतकी माणसाचा आहे. त्यामुळेच घरमालकाच्या हिशेबी दुःखाला उठाव येतो. दुसऱ्या नटाच्या हशासाठी जमीन सारवून देणे आणि स्वतः कोपऱ्यात उभे राहणे, हे विनोदी नटाच्या स्वभावाविरुद्ध आहे. टाळी समोर दिसत असताना ती दुसऱ्याच्या ओंजळीत टाकावयास फार मोठी शिस्त लागते. (ह्या नटाने उमेदीच्या काळात कित्येक वर्षे स्टेट बँकेत नोकरी केली. दुसऱ्याचे पैसे मोजून दुसऱ्याच्याच हातात द्यावयाचे, ही सवय तेथे लागली असेल काय, असा एक पोरकट विचार आमच्या मनात येऊन गेला.)

चि. वि. जोशी यांच्या चिमणरावाचे जे मर्म, तेच येथे दुसऱ्या रूपाने आले आहे. चिमणराव आपण विनोदी आहोत हे जाणत नाही. तो संसार करतो आणि आपण हसतो. धनंजय माने चिमणरावाइतका भोळा नाही, उलट चांगला लबाड आहे; पण त्याची लबाडी हौसेची नाही, गरजेची आहे. धाकट्या भावाचे शिक्षण, मित्रांची जबाबदारी, डोक्यावर छप्पर नाही, नोकरी दुसऱ्याच्या दुकानात. प्रत्येक खोट्याबरोबर ह्या माणसाच्या कपाळावर एक आठी वाढते. आणि ती आठी पाहताच पुण्या-मुंबईत, सोलापुरात, कोठेही भाड्याच्या जागेसाठी वणवण केलेला प्रेक्षक त्याला ओळखतो. ज्यांनी गिरणीच्या चाळींत दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ माणसे झोपलेली पाहिली आहेत, त्या आमच्या गावास जागेची टंचाई हा विषय समजावून सांगावा लागत नाही. ‘बनवाबनवी’चे कथानक हास्यास्पद आहे, पण त्याचे कारण हास्यास्पद नाही; आणि ते कारण सबंध बोलपटभर जिवंत ठेवण्याचे काम एकट्या अशोक सराफ यांच्या चेहऱ्याने केले आहे. लक्ष्मीकांत नाचू लागले की आपण ते विसरतो, धनंजयाकडे पाहिले की पुन्हा आठवते.

आता सोलापूरचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. ह्या बोलपटातील एक अगदी गाजलेला क्षण व्याकरणाचा आहे. धनंजय आपल्या ‘बायको’ची ओळख करून देताना ‘ही’ म्हणावयाचे सोडून ‘हा’ म्हणून जातो. विनोद एका अक्षराचा. पण त्यामागे मराठी भाषेची सगळी घडण उभी आहे. मूळ कथानक ज्या बंगालीत जन्मले, तीत क्रियापदास लिंगच नाही. तेथे लुगडे नेसले की सोंग पुरे झाले. मराठीत मात्र ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांत पुरुष आणि बाई उभी वेगळी होतात. म्हणजे मराठीत स्त्रीवेष हा अंगावर घालून भागत नाही, तो जिभेवरही घालावा लागतो. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पदर घसरण्याची भीती असते. जुना डाव मराठीत आणताना त्याला हा नवा धाक मिळाला.

आणि सोलापुरात ह्या विनोदास आणखी एक अंग आहे. आमच्या गावाच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची मोठी वस्ती आहे. कानडी बोलणारी घरे तर गावभर आहेत. तेलुगूत काय, कानडीत काय, माणूस स्वतःविषयी बोलताना ‘येतो’ आणि ‘येते’ हा भेद नाही. तेव्हा शाळेत नव्याने मराठी बोलू लागलेला मुलगा ‘मी येते’ म्हणून जातो, आणि वर्गात हशा होतो. त्या हशात थोडा काटा असतो. हसणारे एका बाजूस आणि चुकणारा दुसऱ्या बाजूस. ‘बनवाबनवी’तील चूक पाहून हसणाऱ्यांत आम्ही ही दोन्ही प्रकारची माणसे पाहिली आहेत, आणि तेथे काटा नव्हता. कारण पडद्यावर चुकणारा मनुष्य अडाणी नाही, परभाषकही नाही. तो घाबरलेला आहे. घाबरला की अस्सल मराठी माणसाचीही जीभ घसरते! अशोक सराफ ते वाक्य चूक म्हणून उच्चारीत नाहीत, हे येथे महत्त्वाचे. तोंडातून शब्द गेल्यावर मग तो त्यांच्या कानी पडतो. आधी जीभ, मग कान, मग डोळे, असा क्रम आहे. एखाद्या हलक्या नटाने ‘हा’ शब्दावर जोर दिला असता आणि विनोद तेथेच मेला असता.

हे संवाद लिहिणारे कै. वसंत सबनीस यांचा जन्म सोलापूरचा, १९२३ सालचा. तीन भाषांच्या ह्या गावाचे कान घेऊनच ते जगात आले, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. मोह म्हणूनच तो येथे नोंदवतो. परंतु सबनीसांचे नाव आमच्या मुद्द्याशी दुसऱ्या एका अंगानेही निगडित आहे. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे त्यांचे लोकनाट्य १९६५ साली दादा कोंडके यांनी रंगभूमीवर आणले आणि त्याचे हजारांहून अधिक प्रयोग झाले. सबनीसांनीच पुढे ‘सोंगाड्या’ (१९७१) लिहिला. दादांची नटाची रीत अशी की लेखकाने दिलेले वाक्य हा त्यांच्या हाती आलेला दोरा. त्याला आजचे राजकारण, समोरच्या रांगेतला कोणी प्रेक्षक, कालच्या वर्तमानपत्रातली बातमी, असे काय वाटेल ते ओवीत ते नेत. तमाशाच्या बतावणीचा धर्मच तो आहे, आणि सबनीसांनी तो ओळखून वाक्ये मुद्दाम सैल ठेवली. अशोक सराफ यांची रीत याच्या उलट. ते वाक्य लांबवीत नाहीत, आखडतात. कित्येकदा शेवटचा शब्द गिळून टाकतात आणि तो आपणास त्यांच्या चेहऱ्यावर वाचावा लागतो. एकाच लेखकाच्या विनोदाची ही दोन टोके आहेत. पहिल्यात नट लेखकाच्या पुढे धावतो, दुसऱ्यात तो लेखकाच्या अर्धे पाऊल मागे राहतो. ‘बनवाबनवी’चे संवाद वाचून पाहिले तर ते फार चुरचुरीत आहेत असे नाही, त्यांतील कित्येक रोजच्या बोलण्यातले, जवळजवळ सपाट आहेत. त्यांची म्हण झाली ती उच्चारामुळे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लोक हसतात ते लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीला. मग श्रेय न हसणाऱ्या नटाला कसे? ‘टूरटूर’पासून प्रेक्षकांच्या गळ्यातला ताईत झालेल्या ह्या नटाच्या अंगी वीज होती, यात वाद नाही. पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग घ्यावा. हिरवी साडी, ओटी, बायकांचा मेळावा, आणि मध्ये बसलेला तो धसमुसळा गर्भवती पुरुष! बालगंधर्वांच्या परंपरेत स्त्रीभूमिका म्हणजे पुरुषत्व पूर्ण लोपवणे. लक्ष्मीकांतांनी त्या परंपरेची गंमत केली ती पुरुषत्व मुळीच न लपवता. सचिन यांची सुधा मात्र त्या जुन्या परंपरेच्या बाजूस झुकते. ती खरोखर देखणी दिसावी अशी तिची धडपड आहे, आणि म्हणूनच ती पाहावयास गोड, पण हसावयास किंचित कमी. हे दोन स्त्रीवेष एकमेकांशेजारी ठेवणे यात दिग्दर्शकाची दृष्टी दिसते. पण ह्या दोघांनाही ज्याची आवश्यकता आहे तो तिसरा. भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. लक्ष्मीकांत आपणास अतिहसितापर्यंत सहज नेतात. पण तेथे राहता येत नाही, श्वास घ्यावयास खाली यावे लागते. खाली यावयाची पायरी म्हणजे धनंजय. पार्वती जितकी अनावर होते, तितका तिचा ‘नवरा’ अधिक सभ्य, अधिक अदबशीर, अधिक केविलवाणा होत जातो. तोही लक्ष्मीकांतांबरोबर नाचू लागला असता तर दोन वेडे आणि एक घरमालकीण एवढेच दृश्य उरले असते.

बोलपट निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. गाणी लांबतात, तिसऱ्या व चौथ्या जोडप्याच्या प्रेमात आम्हांस तेव्हाही रस वाटला नव्हता, आताही वाटत नाही. स्त्रियांच्या वाट्यास फसणे आणि अखेर क्षमा करणे याखेरीज फारसे काही आलेले नाही. अश्विनी भावे यांच्या माधुरीस थोडी करारी वृत्ती दिली आहे, पण तिचाही उपयोग शेवटी नायकाची धांदल वाढवण्यापुरताच. आणि ज्या वृद्धेच्या विश्वासावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्या लीलाबाई काळभोरांची फसवणूक उघड होते तेव्हा आपण थोडे ओशाळतो. हे ओशाळणे मात्र आम्ही दोष मानीत नाही. ते होते, कारण धनंजय स्वतः ओशाळलेला असतो.

‘बनवाबनवी’नंतर ह्या दिग्दर्शकाने तोच नट पुन्हा पुन्हा घेतला, आणि त्यावरून आमच्या मुद्द्याची दुसरी बाजू तपासता येते. ‘आयत्या घरात घरोबा’ (१९९१) मध्ये परदेशी गेलेल्या धनिकाच्या बंगल्यात एक बेघर मनुष्य येऊन राहतो. पुन्हा घरच, पुन्हा जागेची चोरी. पण येथे अशोक सराफ यांचा गोपूकाका थकलेला, सुस्थिर, जवळजवळ तत्त्वज्ञ आहे. दुसऱ्याच्या घरात राहणारा हा मनुष्य त्या घराचा मालकाहून अधिक जपून वापर करतो. त्या अदबीत विनोदही आहे आणि आणखीही काही आहे, ज्याला काय म्हणावे हे आम्हांस नीट सुचत नाही. ‘बनवाबनवी’इतका हा बोलपट लोकांच्या तोंडी नाही; आमच्या मते नटाची कामगिरी येथे काही अंशी अधिक खोल आहे.

‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) मध्ये ते गणपतीपुळ्यास निघालेल्या एस.टी.चे कंडक्टर झाले. प्रवासी विक्षिप्त, नवस त्याहून विक्षिप्त, आणि ह्या सगळ्यांस ‘पुढे सरका’ म्हणणारा हा एकच जबाबदार माणूस! पुन्हा तेच सूत्र: वेड्यांच्या मध्ये एक हिशेबी. वीस वर्षांनी, २०२४ साली, त्याचा दुसरा भाग आला, एस.टी.ची आगगाडी झाली, कंडक्टरचा तिकीट तपासनीस झाला, आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या ह्या नटाने पडद्यावर पाऊल टाकताच प्रेक्षागृहात टाळ्या पडल्या. त्याच टाळ्यांत आम्हांस अडचण दिसली. तोवर त्यांना ‘महाराष्ट्र भूषण’ जाहीर झाले होते. पुढल्या वर्षी पद्मश्रीही मिळाली. ह्या मानाविषयी आमच्या मनात आनंदच आहे, झालाच तर उशिराबद्दल खेद. परंतु ज्या नटाची सगळी खुबी कोपऱ्यात उभे राहण्यात होती, त्याला आता कोपरा मिळत नाही. तो आला की दिग्दर्शक थांबतो, पार्श्वसंगीत वाजते, जुन्या बोलपटांची आठवण करून दिली जाते. तपासनीस तिकीट तपासण्याऐवजी सत्कार स्वीकारताना दिसतो. जुन्या फार्सला नट ताजेपणा देतो तो आपण त्यात अडकलो आहोत अशा भावनेने. त्यालाच देवाऱ्यात बसवले की फार्स पुन्हा जुना होतो. तरीही मध्येच एखाद्या क्षणी, कोणी भलतेच काही बोलते आणि हा म्हातारा तपासनीस नुसता पाहतो, त्या एवढ्याशा पाहण्यात १९८८ साल परत येते.

आमच्या घरच्या त्या संध्याकाळी बोलपट संपल्यावर मुलांनी सगळा खेळ पुन्हा बैठकीत करावयास घेतला. आजीची साडी मिळाली, पार्वतीसाठी तिघे भांडले, घरमालकासाठी एक जाडगेला मुलगा आपण होऊन पुढे आला. सत्तर रुपयांचे वाक्य त्याने झकास म्हटले. धनंजय मात्र कोणी होईना. शेवटी सर्वांत थोरल्याला धरून उभे केले, तेव्हा तो बिचारा म्हणाला, ‘पण ह्याला करायचं काय असतं?’ घरमालकाने आपले वाक्य पुन्हा म्हटले. थोरला त्याच्याकडे पाहत उभा राहिला, आणि त्याला हसू आवरेना.